हिलोला निघालीस? मग ऐक

मेरी मोनार्कला, हवाईतल्या हुला नाचाच्या महोत्सवाला, जायचं ठरवलंस, फार छान केलंस. पण आधी एक डोक्यातून काढून टाक. वायकिकीच्या हॉटेलात जेवता जेवता जो नाच दाखवतात, गवती परकर नि नारळाच्या करवंट्या, ते बघायला तू निघालेली नाहीस. ईस्टरच्या रविवारी हिलोत जो आठवडा सुरू होतो तो तिथल्या लोकांनी स्वतःसाठी जपलेला आहे. आपल्याला आत घेतात, प्रेमानं घेतात, पण आपण गेलो नाही म्हणून त्यांचं काही अडत नाही. हे एकदा मनात बसलं की पुढचं वागणं आपोआप जमतं.

मी सांगतेय ते सगळंच माझ्या अकलेचं नाही. हिलोच्या बाजारात एक म्हातारी लेई, म्हणजे फुलांचे हार, ओवत बसायची. बरंचसं तिनं सांगितलेलं आहे, थोडं मिरवणुकीत शेजारी बसलेल्या बायकांनी. तिथं वयानं मोठ्या बाईला आंटी आणि पुरुषाला अंकल म्हणतात, नातं असो नसो. तूही म्हण. आडनाव विचारत बसलीस तर उगाच परकी वाटशील.

पहिलं काम राहण्याच्या जागेचं. लोक आधी तिकिटामागे धावतात आणि मग खोली मिळत नाही. हिलो लहान गाव आहे. बॅन्यन ड्राइव्हवरची चार हॉटेलं आणि आसपासची घरं या आठवड्यासाठी वर्षभर आधीच भरतात, कारण प्रत्येक हालाउ, म्हणजे हुलाची शाळा, तीस-चाळीस माणसं घेऊन येते आणि त्यांच्यामागून त्यांचे आईबाप, काका-मामा येतात. कोणीतरी तुला सांगेल, कोनाला राहा, तिकडे ऊन आहे, समुद्र छान आहे. ऐकू नकोस. कोना बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मौना केआ आणि मौना लोआ या दोन प्रचंड डोंगरांच्या मधल्या रस्त्यानं दोन तास लागतात, वर धुकं असतं आणि स्पर्धा संपते मध्यरात्रीच्या सुमारास. जावयांना झोपेत तो घाट चालवायला लावू नकोस. हिलोत जागा नाहीच मिळाली तर ज्वालामुखीकडे, व्होल्कॅनो गावात बघ. पाऊण तासाचा रस्ता आहे, सरळ आहे.

पाऊस असणारच. हिलोत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि आपल्यासारखा चार महिन्यांत आटपत नाही, बारा महिने अधूनमधून येत राहतो. तिथले लोक त्याला नावं ठेवत नाहीत. तूही "काय हा मेला पाऊस" असं मराठीतसुद्धा म्हणू नकोस, चेहऱ्यावरून कळतं. छत्री नको, अंगात घालायचा रेनकोट घे. मिरवणुकीत छत्री उघडलीस की मागच्या दहा जणांचं दिसणं बंद.

आता तिकिटाचं. खिडकीवर जाऊन घेऊ, अशा भरवशावर राहू नकोस. वर्षानुवर्षांची रीत अशी, की डिसेंबरात अर्ज भरून टपालानं पाठवायचा, सोबत पैसे, आणि मग वाट बघायची. यंदा रीत बदलली आहे का, ते महोत्सवाच्या कचेरीकडून आधी विचारून घे. तिकीट महाग नसतं, मिळणं अवघड असतं. चढ्या भावानं विकणारा कोणी भेटला तर त्याच्या नादी लागू नकोस.

आणि नाहीच मिळालं तर रडत बसू नकोस. बुधवारची रात्र सगळ्यांसाठी फुकट असते. तिला होईके म्हणतात. त्या रात्री स्पर्धा नसते, नुसतं सादरीकरण असतं, पॅसिफिकमधल्या इतर बेटांचे लोकही येऊन नाचतात. माझं विचारशील तर पहिल्यांदा जाणाऱ्यानं हीच रात्र बघावी. गुण, परीक्षक, कोण जिंकलं, कोण हरलं, ही भानगड नाही. सकाळपासून रांग लागते. पाणी, काहीतरी खायला आणि बसायला उशी घेऊन जा. उशी विसरू नकोस. फळीवर पाच तास बसलीस की पाठ बोलू लागते. सासूबाई बरोबर असतील तर त्यांच्यासाठी एक शालही घे. हे सगळं ज्या स्टेडियममध्ये होतं त्याला वर छप्पर आहे, पण बाजू उघड्या आहेत, आणि पाऊस पडून गेला की वारा गार लागतो.

त्या स्टेडियमला एडिथ कानाकाओले यांचं नाव आहे. ही हिलोचीच बाई, 1979 मध्ये गेली. कुमु हुला, म्हणजे हुलाची गुरू, आणि हवाईयन भाषा शिकवणारी. 2023 मध्ये अमेरिकेनं तिचं चित्र पाव डॉलरच्या नाण्यावर छापलं. मुलांना ते नाणं शोधून दे, त्यांना बरं वाटेल. तिच्या घराण्याचा हालाउ बुधवारी बघायला मिळाला तर नीट बघ. गुडघे खूप वाकवून, जमिनीलगत, जोरात पाय आपटत नाचतात. ही त्यांची जुनी ढब पेलेशी, ज्वालामुखीच्या देवीशी जोडलेली आहे. वायकिकीची हुला डोक्यात घेऊन गेलेला माणूस तिथं गप्प होतो.

आता थोडं मागचं ऐक, नाहीतर समोर काय चाललंय ते कळणार नाही. 1820 मध्ये मिशनरी आले. पुढे बाटलेल्या काआहुमानू राणीनं 1830 मध्ये चारचौघांत हुला करायला बंदी घातली. नाच मेला नाही, घराघरांत लपून राहिला. मग कालाकाउआ राजा आला. यानं 1883 मध्ये आपल्या राज्याभिषेकाला आणि 1886 मध्ये पन्नासाव्या वाढदिवसाला राजवाड्याच्या आवारात उघडपणे हुला करवली. मिशनऱ्यांच्या पोरानातवंडांनी खूप आरडाओरडा केला. गाणं-बजावणं आणि मेजवान्या आवडणारा म्हणून त्याला 'मेरी मोनार्क' म्हणत, त्यावरून महोत्सवाचं नाव. गंमत सांगते, 1881 मध्ये हा राजा जगप्रवासाला निघाला होता, तेव्हा कलकत्त्याहून आगगाडीनं आपल्या मुंबईला आला आणि तिथूनच बोटीनं पुढे इजिप्तकडे गेला. सिंहासनावर असताना पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला राजा. त्याच्यामागून त्याची बहीण लिलिउओकालानी राणी झाली, आणि 1893 मध्ये तिला गोऱ्या व्यापाऱ्यांनी गादीवरून उतरवलं. हे तिथं कोणी विसरलेलं नाही. "अमेरिकेनं तुमचं भलंच केलं" असली वाक्यं पाहुण्यानं तोंडातून काढू नयेत.

महोत्सवाची गोष्टही मजेची आहे. 1960 च्या मे महिन्यात चिलीतल्या भूकंपाची त्सुनामी हिलोवर आली आणि 61 माणसं गेली. समुद्रकाठी आज मोठी हिरवी मोकळी जागा दिसेल, तिथं आधी वस्ती होती. वाइआकेआमध्ये रस्त्याच्या कडेला एक घड्याळ उभं आहे, त्याचे काटे एक वाजून चार मिनिटांवर थांबलेले आहेत. ते मुद्दाम तसंच ठेवलंय. लाट गेली, ऊसही बुडायला लागला होता, म्हणून 1963 मध्ये काउंटीच्या अध्यक्षा हेलेन हेल यांनी पर्यटक आणायला म्हणून हा उत्सव काढला. राजासारखी दाढी कोणाची, याची स्पर्धा होती म्हणे! चार वर्षांत सगळं मरगळलं. मग डॉटी थॉम्प्सन नावाच्या बाईनं 1968 मध्ये तो अंगावर घेतला, जॉर्ज नाओपे हे हुलाचे गुरू होतेच, आणि 1971 मध्ये खरी हुलाची स्पर्धा सुरू केली. पुरुषांची 1976 पासून. पर्यटकांसाठी काढलेला उत्सव पर्यटकांवर चालला नाही. आपल्या माणसांकडे वळवला तेव्हा उभा राहिला. म्हणून सांगते, तिथं आपली बडदास्त कोणी ठेवत नाही याचा राग मानू नकोस.

स्पर्धेच्या तीन रात्री. गुरुवारी एकट्या मुलींची, मिस अलोहा हुला. नाव ऐकून सौंदर्यस्पर्धा समजू नकोस. त्यात मंत्रपठणही करावं लागतं आणि जुनी-नवी दोन्ही हुला. शुक्रवारी गटांची काहिको, म्हणजे प्राचीन ढंगाची. शनिवारी आउआना, नव्या ढंगाची, युकुलेले आणि गिटारवर, आणि मग बक्षिसं. एकाच रात्रीचं तिकीट मिळत असेल तर शुक्रवार घे. शनिवारी फुलं आणि कपडे बघून डोळे निवतात, पण शुक्रवारी पोटात काहीतरी हलतं.

बघायचं कसं, ते सांगते. हुला कंबरेची नसते, हातांची असते. हात गोष्ट सांगतात. पाऊस, लाट, डोंगर, फूल, राजाचं नाव. पाय ताल धरतात. आणि सगळ्याच्या मुळाशी शब्द. ज्याला भाषा येत नाही त्यालाही हात बघत राहिलं की थोडंफार उमगतं. काहिकोत वाद्यं फार थोडी असतात. गुरू खाली बसतो, समोर इपु हेके, दोन भोपळे एकावर एक जोडून केलेलं. तो ते जमिनीवर धप्पकन टेकवतो, लगेच बोटांनी आणि तळव्यानं बाजूवर थाप देतो, आणि त्याच श्वासात म्हणतोही. त्या थापेवर तीस माणसांचे गुडघे एकदम वाकतात. एकाचा जरी मागे राहिला तरी तुला दिसेल, मग परीक्षकांना दिसणारच. दुसरं वाद्य पाहू, झाडाच्या खोडातून कोरलेलं, त्यावर शार्कचं कातडं. त्याचा आवाज आला की बोलणं थांबव.

नाच मंचावर येण्यापासून सुरू होतो. येण्याला काई म्हणतात, जाण्याला होई. दोन्हीला गुण असतात. आपली माणसं टाळ्या वाजवून लगेच मोबाइलमध्ये मान घालतात, तसं करू नकोस. शेवटचा नाचणारा मंचावरून उतरेपर्यंत नाच चाललाय असं समज. आणि ओली, म्हणजे मंत्र, सुरू झाला की पॉपकॉर्नची पिशवीसुद्धा चुरचुरू देऊ नकोस. मधेच उठायचं नाही. दाराशी थांबवतात, थांबायचं. नाचाच्या भरात शेजारचे हुल्लड करतील, ओरडतील, त्यांच्या हालाउचं नाव घेतील. तेव्हा तूही ओरड की, कोण अडवतंय! पण कुठं ओरडायचं ते त्यांच्याकडे बघून ठरव. पुन्हा एकदा व्हावं असं वाटलं तर 'हाना होउ' म्हणतात.

'हवाई पोनोई' वाजलं की उभी राहा. ते आज राज्यगीत आहे, पण मूळचं राष्ट्रगीत. शब्द कालाकाउआ राजाचेच आहेत. मुलांना आधी सांगून ठेव. फोटो आणि चित्रीकरण स्पर्धेच्या रात्री चालत नाही. सगळं टीव्हीवर थेट दाखवतात, तुझ्या हलत्या हातांनी काढलेल्या चित्रफितीची कुणाला गरज नाही. नाचणाऱ्या मुलींना बाहेर गाठून "एक फोटो" म्हणत अंगाशी जाऊ नकोस. त्या वेशातली फुलं-पानं त्यांनी स्वतः रानातून, विचारून, प्रार्थना म्हणून आणलेली असतात. हात लावायचा नाही, हौस म्हणूनही नाही.

मिरवणूक शनिवारी सकाळी. तिला तिकीट नाही. साडेदहाच्या सुमारास पाउआही स्ट्रीटवरून निघते, गावातल्या जुन्या रस्त्यांनी फिरून तिथंच परत येते. रस्ते आधीच बंद होतात. आठच्या आत गाडी लावून टाक आणि चालत जा. कामेहामेहा अव्हेन्यूवर जुन्या दुकानांची छपरं फुटपाथवर पुढे आलेली आहेत. पाऊस आला तर त्यांच्याखाली सगळं गाव गोळा होतं. पुढे कुणी घडीची खुर्ची मांडून ठेवली असेल आणि माणूस नसेल, तरी ती जागा घेतलेली समज. तिच्या समोर उभी राहू नकोस.

बाकी रथ, शाळांचे बँड, ट्रकवर बसून गाणारी कुटुंबं, ते सगळीकडे असतं. तू घोडेस्वार बायकांची वाट बघ. त्यांना पाऊ रायडर म्हणतात. हवाईत घोडे 1803 मध्ये आले. बायकांनी एका बाजूला पाय टाकून बसायची गोऱ्या बायकांची रीत घेतलीच नाही, पुरुषांसारख्याच मांड टाकून बसल्या. मेजवानीला जायचं तर खालचे झगमगीत कपडे चिखलानं खराब होऊ नयेत म्हणून वरून लांबलचक कापड गुंडाळायला लागल्या. ते कापड म्हणजे पाऊ. दहा-अकरा मीटर असतं. टाचणी नाही, शिवण नाही. कुकुईचं फळ, आपला जंगली अक्रोड, कापडात ठेवून त्याला पीळ देतात आणि कंबरेला खोचतात. त्यावर सगळं टिकतं. आपली काष्ट्याची नऊवारी नेसून घोड्यावर बसणाऱ्या बायका डोळ्यांपुढे आण, म्हणजे हे कापड त्यांनी का सोडलं नाही ते कळेल. नेसवायला जाणती बाई लागते. मिरवणुकीआधी गल्लीत डोकावलीस तर घोड्याशेजारी दोघी-तिघी मिळून एकीला नेसवताना दिसतील. लांबून बघ. घोड्याच्या मागून जाऊ नकोस आणि मुलांनाही जाऊ देऊ नकोस.

प्रत्येक बेटाची एक राणी, तिच्यामागे तिच्या सख्या, आणि प्रत्येक बेटाचा रंग वेगळा. मोठ्या बेटाचा लाल, लेहुआच्या फुलाचा. माउईचा गुलाबी, ओआहूचा पिवळा, काउआईचा जांभळा, मोलोकाईचा हिरवा, लानाईचा केशरी. निइहाउला फूल नाही, त्यांचे पांढरे चिमुकले शिंपले. घोड्यांच्याही गळ्यात लेई असतात. मुलांना रंगांवरून बेट ओळखायला लाव, दोन तास आरामात निघतील. आणि प्रत्येक घोड्यांच्या तुकडीमागून ढकलगाडी आणि फावडं घेऊन लीद उचलणारे येतात, तेही सजून, नाचत. त्यांना सगळ्यात मोठ्या टाळ्या पडतात. कंजूषपणा करू नकोस, तूही वाजव.

लेईचं नीट ऐक, इथं आपली माणसं हमखास चुकतात. कुणी गळ्यात घालू लागलं तर "नको, नको" म्हणून हात आडवे करायचे नाहीत. आपल्याकडे सत्कारात हार घातला की लगेच काढून टेबलावर ठेवतात. तिथं तो अपमान. देणाऱ्यासमोर काढायचा नाही. दुसऱ्याला द्यायला घेतलेला हार आधी स्वतःच्या गळ्यात घालून बघायचा नाही. मानेवर सगळा पुढे ओढायचा नाही, निम्मा पाठीवर, निम्मा छातीवर. तुझी जाऊ गरोदर आहे ना? तिच्यासाठी घेताना सांग, म्हणजे टोकं न जोडलेला, मोकळा देतील. बंद हार गर्भाच्या मानेला नाळ गुंडाळतो, अशी तिथल्या बायकांची समजूत आहे. पटो न पटो, त्यांच्या गावात त्यांचं ऐकावं. सुकल्यावर कचऱ्याच्या डब्यात नाही टाकायचा. दोरा सोडवून फुलं झाडाखाली किंवा मातीत.

लेहुआची फुलं मात्र विकत मागू नकोस, रानातूनही तोडू नकोस. ती ज्यांवर फुलतात त्या ओहिआच्या झाडांना एका बुरशीनं ग्रासलंय, झाड उभ्याउभ्या वाळतं. 2014 च्या सुमारास हा रोग ओळखला गेला. तेव्हापासून हालाउंनाही ही फुलं वापरू नका अशी विनंती होते, आणि बऱ्याच जणांनी दुसरी पानं-फुलं घेतली. रानवाटेवर गेलात तर बुटांचे तळवे आधी आणि नंतर घासून घ्या. चिखलातून बुरशी जाते.

खाण्याचं थोडक्यात. सासूबाई शाकाहारी, त्यांच्यासाठी सकाळीच बाजारातून पपई, केळी घेऊन ठेव. बुधवार-शनिवारी हिलोचा बाजार मोठा भरतो. स्पॅम मुसुबी दिसायला भाताची निरुपद्रवी वडी, आत डुकराचं मांस. लाउलाउमध्येही मांस किंवा मासळी, वर पानं मात्र आपल्या अळूची. तिथं त्याला कलो म्हणतात आणि ते त्यांच्या आद्य पूर्वजाचा थोरला भाऊ मानलेलं आहे. कंद शिजवून कुटून केलेली पोई सासूबाईंना चालेल. आवडेलच असं नाही. तोंड मात्र वाकडं करू देऊ नकोस.

स्टेडियमशेजारी कारागिरांचा बाजार लागतो, आत जायला पैसे नाहीत. कापड, लाकूड, पिसांच्या लेई, लाउहालाच्या विणलेल्या टोप्या. लाउहाला म्हणजे केवड्याच्याच कुळातल्या झाडाची पानं, काटे काढून, सुकवून, पट्ट्या करून विणतात. किंमत ऐकून डोळे मोठे होतील. भाव करू नकोस. विकणारी बाईच बहुतेक विणणारी असते. रोख पैसे जवळ ठेव.

ज्वालामुखीला जाशीलच. हालेमाउमाउ विवराच्या काठावर कुणी मंत्र म्हणत असेल, पानाफुलांची भेट ठेवत असेल, तर तिथून दूर हो, कॅमेरा खाली ठेव. स्पर्धेच्या आधी किंवा नंतर कितीतरी हालाउ तिथं येतात. आपण देवाला ठेवतो म्हणून नारळ, उदबत्ती, तांदूळ टाकून येऊ नकोस. आपली पूजा आपल्या देवापाशी. आणि एकही दगड उचलू नकोस. पेलेचा कोप होतो म्हणतात, ते राहू दे. राष्ट्रीय उद्यानातून दगड नेणं कायद्यानं गुन्हा आहे.

परतताना विमानतळावर सामानाची शेतकी तपासणी होते, रांगेसाठी अर्धा तास जास्त धर. फळं घेऊन जायचा मोह टाळ. अननस आणि नारळ चालतो, बाकीचं बहुतेक काढून घेतात. फुलांच्या लेई साधारण नेता येतात, पण लिंबू-संत्र्याच्या जातीची पानं-फुलं त्यात असली तर नाही. आता फोन ठेव आणि आधी खोलीचं बघ. तिकिटाचं नंतर.